दोरीचं दुसरं टोक

दार नुसतं लोटून ठेवा, कडी नको. आणि तो मोठा दिवा बंद करा, डोळ्यांवर येतो. मघापासून तुम्ही तिघं ज्या गोष्टीवर खिदळताय, तिच्याबद्दल मी नंतर बोलेन. आधी आमच्या पेंटरचं ऐका. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेलं आहे. रंगाचं दुकान मी बत्तीस वर्षं चालवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी तो माझ्या काउंटरला टेकून चहा पीत उभा असायचा. तसा थापाड्या. पाटी उद्या देतो म्हणाला की महिना धरून चालायचं. पण हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो थापा मारायच्या स्थितीत नव्हता.

नऊ नोव्हेंबर, मंगळवार. ह्या नोव्हेंबरात सहा वर्षं होतील. रात्री साडेदहाला पेंटर स्कूटर काढून कामाला निघाला. काम साधं होतं. एका घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर नाव लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिथे पाहुणे यायचे होते, भाषणं व्हायची होती, आणि निरोप आला आदल्या दिवशी दुपारी. पेंटरनं धावत जाऊन भिंतीला पांढऱ्याचे दोन हात मारले. ते वाळेपर्यंत थांबणं भाग होतं, म्हणून रात्र झाली. बरोबर घडीची शिडी, बॅटरीचा दिवा, काळ्या रंगाचा डबा, ब्रश आणि दोरी.

दोरी कशाला? तुम्ही फ्लेक्स बघितलेली पिढी, तुम्हाला काय ठाऊक! अक्षरं सरळ यायची तर आधी रेघा लागतात. एक वर, एक खाली. दोरीला खडूची पूड चोळायची, दोन्ही टोकं भिंतीला ताणून धरायची, आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. टप्! सरळसोट रेघ. पण दोन माणसं लागतात. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. खिळा ठोकून भागवणारे असतात, हा नाही. म्हणायचा, लोकांच्या भिंतींना भोकं पाडायला मी काय उंदीर आहे?

त्या संध्याकाळी मला म्हणाला, "चल ना रे, दोरी धरायला कुणी नाही." मी म्हटलं, "कंबर धरलीय." धरली नव्हती. मला त्या घरासमोर उभं राहायचं नव्हतं.

घर टेलरबाईंचं. नवरा लवकर गेला, मशीन चालवून बाईंनी एकुलता एक मुलगा वाढवला. अर्ध्या गावाच्या मुलांचे शाळेचे कपडे त्यांच्या हातचे. मुलगा सैन्यात लागला, आणि दोन वर्षांत ती लढाई सुरू झाली.

ती लढाई कुणालाच नको होती. लांबच्या मुलुखात, कुणाच्या तरी हट्टापायी. रोज बातम्यांत जळकी घरं दिसायची, पोरंबाळं दिसायची. रक्त उसळायचं आमचं, आणि का उसळू नये? आम्ही समिती काढली, मोर्चे काढले. मोर्च्यांचे सगळे फलक पेंटरच्या हातचे. पण ज्यांनी लढाई लावली ते बसले होते राजधानीत. त्यांच्या दारापर्यंत आमचा हात पोचत नव्हता. टेलरबाईंचं दार मात्र तीन गल्ल्या सोडून होतं.

मुलगा रजेवर आला. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली होती. न्हाव्यानं त्याला खुर्चीतून उठवलं. दूधवाल्यानं दूध बंद केलं. त्यानं तिथे काय केलं होतं, काय नव्हतं, मला अजून माहीत नाही. आम्ही विचारलंच नाही कधी. विचारायला दोन मिनिटं लागली असती.

मग एका पहाटे त्या घराच्या भिंतीवर हातभर उंचीची लाल अक्षरं दिसली. इथे खुनी राहतो.

आता पेंटरचा गाढवपणा बघा. चोरून शिवी घालायची तर ओबडधोबड घाल ना! ह्यानं दोरी मारून, अंतर मोजून, प्रत्येक अक्षराला उजवीकडे सावली टाकून लिहिली. वाईट अक्षर त्याच्या हातून येईचना. गावातल्या प्रत्येक पाटीवर तीच सावली होती. आंधळ्यानंही ओळखलं असतं.

त्याच दिवशी भर दुपारी मुलगा माझ्या दुकानात आला. पेंटर चहा पीत होता.

"काका, ती ओळ पुसून द्या."

"कुठली ओळ? मी नाही लिहिली."

पोरगा चिडला नाही. म्हणाला, "शाळेतून येताना मी तुमच्या शिडीखाली उभा राहायचो. सावली फक्त तुम्ही टाकता. मला काय म्हणायचं ते तोंडावर म्हणा, मी परवा जातोय. पण तिथे माझी आई राहणार आहे."

पेंटरनं ब्रश पुसत म्हटलं, "आत्ता सवड नाही बाबा. तू परत आलास की बघू."

काउंटरवर पोराचा तो हात होता, तीन बोटांचा. आधी त्यानं पेंटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे," म्हणाला. "परत आलो की बघू."

एकविसाव्या दिवशी तो तिकडे मारला गेला. घरी आलं एक पत्र आणि एक पेटी.

बाईंनी ती भिंत घासली, खरवडली, चुना लावला. दोन दिवसांत लाल पुन्हा वर यायचं. मग त्यांनी भिंतीवर चादर टांगली, ती कुणीतरी ओढून काढली. शिवायला कपडे कुणी टाकेना. अकरा महिने बाई त्या ओळीमागे राहिल्या आणि गेल्या. घराला कुलूप लागलं.

आणि लढाई संपल्यावर काय झालं माहितीये? वारं फिरलं. सरकार बदललं, त्या पोरांना आता वीर म्हणायचं ठरलं. आमच्याच समितीतली माणसं पुढे झाली. भिंतीवर शहीद म्हणून त्याचं नाव लिहा, सकाळी पाहुणे येतील, भाषणं करू. आणि लिहायला बोलावलं कुणाला? तर पेंटरला! मला अजून त्या सगळ्यांचा संताप येतो. स्वतःचा धरून.

तर पेंटर तिथे पोचला साडेदहा वाजून पाच मिनिटांनी. रस्ता सामसूम. भिंत पांढरीशुभ्र, लाल कुठे दिसत नव्हतं. दिवा खाली ठेवला, शिडी लावली, वर चढला. दोरीला खडू चोळला. आणि पंचवीस वर्षांची सवय... दुसरं टोक अंधारात भिरकावत बोलून गेला, "धर रे."

दोरी ताणली गेली.

त्याला वाटलं मी आलो. बरं वाटलं त्याला. चिमटीत धरून सोडली. टप्. रेघ सुरेख. "आता खालची." दोरी खाली सरकली. टप्. दुसरी रेघ.

"कंबर सुटली वाटतं?" पेंटर हसत म्हणाला.

दोरी तेवढीच ताठ राहिली.

"अरे, बोल की."

त्यानं दोरी सोडली. ह्याचं टोक खाली पडलं. दुसरं नाही. त्या टोकाला कुणीतरी धरून होतं. दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम जात होता. त्याला दिसली एक बाही. गणवेशाची, मनगटाशी बटण लावलेलं. आणि हात. डावा.

अंगठा... आणि दोन बोटं.

त्याला शिडीवरून उतरता येईना. मला म्हणाला, वाटलं नाव लिहून टाकावं पटकन. नाव लिहिलं की जाईल. त्याला तेच हवं असेल. त्यानं ब्रश बुडवला. काळ्या डब्यात. लिहिलं पहिलं अक्षर.

लाल उमटलं.

"मी नाव लिहीत होतो रे," हे तो मला दहादा म्हणाला असेल. "मी नाव लिहीत होतो." हात मात्र दुसरंच लिहीत होता. इ. थे. त्यानं फडक्यानं पुसलं. पुन्हा लिहिलं. इ. थे. पुन्हा पुसलं. हात थांबेना. दुसरा शब्द सुरू झाला. सावली टाकून. उजवीकडे. सावकाश, नीट, जसं तो लिहायचा तसंच...

आणि शेजारून, अगदी कानाशी, शांत आवाज.

"काका... आता सवड आहे?"

तो शिडीवरून पडला की उतरला, त्याला आठवत नव्हतं. स्कूटर तिथेच टाकून पळाला. तीन गल्ल्या. मागे पावलं नव्हती. काहीच नव्हतं. घरी पोचला तेव्हा घड्याळात सव्वा वाजला होता. दाराशी दिवा जळत होता.

आणि त्याच्या भिंतीवर...

हो.

पूर्ण ओळ. हातभर उंचीची. दोरी मारून. सावली टाकून. रंग ओला होता, खाली ओघळत होता. अक्षर त्याचंच. बायको आत झोपलेली, तिला काही ऐकू आलं नव्हतं.

सकाळी दहाला टेलरबाईंच्या घरासमोर पाहुणे जमले, तर भिंत कोरी. नाव नाही, लाल नाही, काळं नाही. फक्त खडूच्या दोन रेघा. पाहुण्यांनी कोऱ्या भिंतीसमोर भाषणं केली आणि तीन गल्ल्या सोडून पेंटर गुडघ्यांवर बसून स्वतःची भिंत घासत होता.

ती गेली नाही. त्यानं चुना लावला, खरवडली, पांढऱ्याचे पाच हात मारले. दोन दिवसांत वर. घर बदललं, दुसऱ्या गावी गेला. तिथे तिसऱ्या रात्री. येणारे-जाणारे वाचायचे, पोरं मोठ्यानं म्हणायची. काम कुणी देईना. हरून गावी परत आला, तर न्हाव्यानं खुर्चीत बसवलं नाही, तोच न्हावी. बायको माहेरी गेली. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यानं भिंतीवर चादर टांगली होती. त्यानंतर तो गेला. त्या रात्रीपासून किती दिवस काढले त्यानं, विचारा.

अकरा महिने. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.

वाईट वाटलं मला? वाटलं. पण खरं सांगू? बाईंची ती चादर आठवली की तेवढं वाटत नाही. चांगला सूड घेतला पोरानं. घ्यायलाच हवा होता.

आता तुम्ही विचारत का नाही? हुशार समजता ना स्वतःला? दोरीला दोन टोकं असतात असं मी सांगितलं. ती पहिली ओळ पेंटरनं रात्री लिहिली तेव्हा दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?

...

हं.

लाल डबा माझ्याच दुकानातला होता. झाकणही मीच उघडून दिलं. दोरी धरून उभा होतो आणि हसू आवरत नव्हतं मला. मघाशी तुम्हाला आवरत नव्हतं तसंच. म्हणून पोरानं निघताना माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं.

सहा वर्षं मी रोज सकाळी उठून आधी पुढची भिंत बघतो. काही नसतं. वाटायचं, मला विसरला. मग महिन्याभरापूर्वी तू राहायला आलास ह्या घरात, तुझ्या ह्या काकाकडे. काल संध्याकाळी येऊन हसत हसत सांगितलंस, बसमध्ये एक सैनिक होता, त्या नव्या लढाईवरून आलेला, कुबड्या घेऊन, आणि तू त्याला जागेवरून उठवलंस. सगळी बस टाळ्या वाजवत होती म्हणालास.

आज पहाटे भिंतीवर दोन रेघा होत्या. खडूच्या. एक वर, एक खाली. मधली जागा मोकळी.

ओळ माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी, मला सांगता येत नाही. ह्या घरात आता आपण दोघं राहतो.

खोटं वाटतंय? मग जा. बॅटरी घे, बघून ये. हात लावून बघ हवं तर. आम्ही इथेच आहोत... जा.

...

आलास?... बस. काय झालं?... बोल की रे. रेघा आहेत ना?...

हात दाखव. उजेडात धर.

खडू पांढरा असतो, बाळा... मग तुझं बोट लाल कसं?