दुसऱ्या नावाची ओळ

आधी लवंगीनं त्यांचा दुपट्टा ओढला, आणि मग मी त्यांच्याकडे पाहिलं. क्रम असा होता. लोकांनी नंतर उलटा करून सांगितला, म्हणून पहिल्यांदा हेच सांगून ठेवते.

मार्च महिना होता. अमरावती रोडवर, वाडीच्या गोदामांमागे, ट्रकांच्या रांगा संपतात तिथं एक टिनाचं फाटक आहे. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय — 'निवारा. इथे कोणत्याही जनावराला मारलं जात नाही.' आजारी असो, म्हातारं असो, कोणी न्यायला येवो न येवो... सुई टोचून संपवत नाहीत. म्हणून तर कळमन्याहून शहराचं दुसरं टोक गाठून मी तिथं आले होते. माझी लवंगी तिथं सोडायला.

शेजारचा ओमप्रकाश कळमना मार्केटातून वाडीच्या गोदामात रोज माल नेतो. त्याच्या टेम्पोत बसून आलो आम्ही दोघी. मी खाली उतरले, आणि तेवढ्यात फाटक उघडून एक उंच माणूस पाण्याची बादली घेऊन बाहेर आला. डोक्यावर पांढरे केस, गळ्यात लाल दुपट्टा. लवंगीनं माझ्या हातातली दोरी हिसकली, उडी मारली आणि त्या दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं.

"बाई, कुत्री आणली का पोलीस?"

"सोड वं, लवंगी! सोड!"

"लवंगी नाव आहे? मंग बरोबर आहे. तिखटच आहे."

"फाटला तर शिवून देते मी."

"फाटू द्या... आठ वर्षांत कोणी ओढला नव्हता."

एवढं बोलले आणि स्वतःच गडबडले. बादली उचलायला गेले तर अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. मी तोंडावर पदर धरला — हसू दिसू नये म्हणून. पण डोळ्यांवर कोण पदर धरतं?

त्यांचं नाव आनंदराव. सावनेरकडच्या कोळसा खाणीत फिटर होते. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, पोरगी पुण्याला. वाडीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि सकाळपासून दुपारपर्यंत निवाऱ्यात कुत्र्यांना पाणी पाजायचे, आंघोळी घालायचे.

आत टेबलामागे कुसुमताई बसल्या होत्या. निवारा त्यांचाच. पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे आवाजात अजून सुई होती.

"पूर्ण नाव?"

"रंभाबाई..." एवढं म्हणून मी थांबले.

"मधलं? नवऱ्याचं?"

"नाव घेत नाही मी त्यांचं. ते वारले, तरी नाही घेतलं."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि ती जागा कोरी सोडली. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "इथला एक नियम आहे. जनावर का सोडता, ते स्वतःच्या हातानं लिहायचं. आणि त्याच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायचं. कारण पटलं तर आम्ही ठेवून घेतो."

बावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकले होते, मार्केटच्या शेडमध्ये दुपारचा वर्ग भरायचा तिथं. संत्री निवडून निवडून हाताला वास यायचा आणि पाटीलाही. तेव्हापासून दुकानांच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं वाचते मी. पण त्या दिवशी म्हणाले, "मले लिहिता-वाचता येत नाही."

"मी लिहितो," आनंदराव म्हणाले. "सांगा."

मी सांगितलं — मुलाचा फ्लॅट आहे, तिथं कुत्रं चालत नाही. त्यांनी मान हलवत लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'ही कुत्री चावते. तीन माणसांना चावली.'

"खोटं! कोणाले चावली? काहून बदनाम करून राहिले गरिबाले?"

आनंदरावांनी पेनाला टोपण लावलं. "बाई... तुमाले तर वाचता येत नाही ना?"

कुसुमताईंना एकदम टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं आठवलं. खांदे मात्र हलत होते त्यांचे. मी आनंदरावांच्या हातातलं पेन ओढून घेतलं. रागानं. पण त्यांची बोटं लागली, आणि राग जरा... जागेवर राहिला नाही.

अर्धा तास लागला लिहायला. मग लवंगीसमोर जमिनीवर बसले आणि वाचलं — 'मुलगा रजत याचा फ्लॅट आहे. सोसायटीत कुत्रा चालत नाही. मला तिकडे राहायला जायचे आहे. मुलाने कुत्री सोडून ये सांगितले.'

लवंगी दुपट्ट्याचं टोक चघळत होती. कुसुमताई म्हणाल्या, "हे तुमच्या मुलाचं कारण झालं. तुमचं कोणतं?"

मी कागदाची घडी घालायला लागले. सुनेला, सोनिकाला, मे महिन्यात बाळ होणार होतं. रजत म्हणाला होता, "आई, एकटी काय करशील कळमन्याला? खोलीला कुलूप लावू. रविवारी गाडी घेऊन येतो." तुला यायचं का, असं विचारलं नव्हतं. त्याचीही चूक नाही म्हणा. मलाच कोणी विचारायची सवय नव्हती. ती खोली मी आणि माझ्या मालकांनी एकेक टिन आणून उभी केलेली, आणि लवंगी तिच्या उंबऱ्यावर आठ वर्षं झोपलेली.

"रविवारपर्यंत वेळ आहे," ताई म्हणाल्या. "विचार करा."

दुसऱ्या दिवशी मी दुसरं कारण लिहून नेलं. 'मी म्हातारी झाले. माझ्याने होत नाही.' वाचून संपायच्या आत आनंदराव फाटकाला टेकून हसायला लागले.

"हसाले काय झालं?"

"काही नाही. चालत्या टेम्पोतून आत्ता उडी कोणं मारली, तेच आठवून राहिलो. कोणी म्हातारी होती का?"

"टेम्पो थांबतच होता."

"हो ना. थांबतच होता... उद्या थांबल्यावर उतरा. मी हात देतो."

कागद परत मिळाला. तिसऱ्या दिवशी मी कागदच नेला नाही. संत्री नेली, पदराच्या गाठीत दोन. आणि टेम्पो थांबल्यावर उतरले.

ऊन तापलं होतं. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांवर पोती भिजवून टाकायचं काम चाललेलं. मी न सांगता एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. पिळताना पाणी कोपरावरून खाली यायचं आणि ओल्या पोत्याचा वास गार गार लागायचा. मग कडुलिंबाखाली बसलो. वरून बारीक फुलं गळत होती. एक त्यांच्या पांढऱ्या केसांत अडकलं. मी सांगितलं नाही. राहू दिलं.

त्यांच्या पायाशी एक जाडा, आंधळा कुत्रा येऊन आडवा झाला. त्याचं नाव भोपळा. सहा वर्षं तिथंच होता तो. लोक यायचे, बघायचे, आणि पिल्लू घेऊन जायचे.

"तुम्हीच काहून नाही नेत त्याले?" मी विचारलं.

"दोनदा अर्ज केला. दोनदा ताईनं परत केला. एक तर माझ्या खोलीमालकाले कुत्रं चालत नाही. आणि दुसरं... साठी गाठलेल्या एकट्या माणसाले इथं जनावर देत नाहीत. अर्जात खाली एक ओळ आहे. दुसरं नाव लागते. त्याच घरात राहणारं."

"हा कसला नियम!"

"बरोबर आहे नियम. उद्या मी गेलो तर? आंधळ्यानं किती घरं पाठ करायची?"

मी संत्रं सोललं. अर्धं त्यांना दिलं. ते फोडीवरचे पांढरे दोरे न काढता तसंच खायला लागले. तीस वर्षं संत्री निवडली मी, मला बघवेना. त्यांच्या हातातल्या फोडी परत घेतल्या, एकेक साफ करून दिल्या.

"अहो, ऐका..." मी म्हणाले.

"कोणाले? दुपट्ट्याले?" ते म्हणाले. "नाव आहे मले. आमची ही तर नावानंच हाक मारे. पूर्ण कॉलनीत ऐकू जाये, 'आनंदराव, भाजी आणा!'"

"बाप्पा! तुमाले लाज नाही वाटे?"

"लाज? मले तर धावतच जा लागे." हसले, आणि मग आवाज खाली आला. "तुम्ही घेऊन पाहा ना... एक डाव."

मी तोंड उघडलं. जिभेवर आलंही होतं. पण आमच्या घरात बाईनं ज्याला आपलं मानलं त्याचं नाव ओठांवर आणायचं नसतं... आणि त्याच क्षणी मला कळलं, की हे नाव माझ्या तोंडून का निघत नाही.

कानशिलं तापली. उन्हानं असेल म्हणाले मनाला.

रविवारी रजत सरळ वाडीला आला. ओमप्रकाशनं त्याला सगळं मीठमसाला लावून सांगितलेलं होतं. गाडीतून उतरला तो कपाळाला आठ्या घेऊनच. सोनिका मागच्या सीटवर बसली होती, पोटावर हात ठेवून.

"आई, एक कुत्री सोडायला पाच दिवस लागतात?"

"लागते. लिहा लागते इथं."

"कोण आहेत ते? ओमप्रकाश काय काय सांगून राहिला. आई, साठ वर्षांची आहेस तू. लोक हसतील."

"हसू दे. कोणाले रडवलं तर नाही ना मी."

त्यानं आवाज बारीक केला. "आणि आपल्यातले पण नाहीत ते. आत्ता फाटकात मला 'जयभीम' म्हणाले."

"आपल्यातले म्हणजे कोण रे? तुझ्या बापाले खांदा द्याले मार्केटचे हमाल आले होते, सगळ्या जातीचे. तवा विचारलं होतं तू?"

मी लिंबाखाली लवंगीसमोर मांडी घालून बसले. पदरातून कागद काढला. रात्रभर नव्हता लागला तो लिहायला, चहा उकळेपर्यंत झाला होता. कुसुमताई आल्या. आनंदराव पिंजऱ्याजवळच उभे राहिले, ओलं पोतं हातात तसंच. मी मोठ्यानं वाचलं, पार फाटकापर्यंत जाईल असं.

"'मी रंभाबाई. लवंगीला सोडायचे माझ्याजवळ एकही कारण नाही. म्हणून मी तिला सोडत नाही. मी माझ्या खोलीत राहीन. नातवंड झाले की सकाळी जाईन, त्याला न्हाऊ घालीन, आणि संध्याकाळी माझ्या घरी येईन. मला कोणी विचारले नव्हते, म्हणून लिहून सांगत आहे.'"

लवंगीनं जांभई दिली. तिला हे आधीपासूनच माहीत असावं.

"आई, पण—" रजत म्हणाला.

गाडीची काच खाली आली. "रजत, गाडीत ये," सोनिका म्हणाली. "आईंचं वाचून झालं नाही अजून."

झालं नव्हतंच. मी उठून कुसुमताईंसमोर उभी राहिले. "ताई, आता दुसरा अर्ज द्या. न्यायचा. मले भोपळा पाहिजे."

पोतं खाली पडल्याचा आवाज आला.

ताईंनी अर्ज आणला, पण पेन दिलं नाही. "रंभाबाई, तुम्हाला नियम माहीत आहे. वय साठ, घरात एकट्या. दुसरं नाव लागेल. त्याच घरात राहणारं."

"मी नाही देणार माझं नाव," रजत खिडकीतून म्हणाला.

"तुले मागितलं कोणं?"

मी आनंदरावांकडे पाहिलं. पायाशी भोपळा, पायांवर पुन्हा पाणी. खाणीत आयुष्य काढलेला माणूस, आणि शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा उभा.

"माझी खोली लहान आहे," मी म्हणाले. "टिन तापते उन्हाळ्यात. पोती भिजवा लागतील वरून."

"ते... जमते मले."

"भाजी आणा लागेल."

"धावत आणीन."

"मालक नाही कोणी तिथं. मीच मालकीण. कुत्री चालते, कुत्रा चालते... आणि—"

ताईंच्या हातातलं पेन घेतलं, आणि अर्जातल्या त्या खालच्या ओळीवर हळूहळू, एकेक काना ठळक काढत, नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. ज्यांच्याशी तीस वर्षं संसार केला त्यांचं कधी लिहिलं नव्हतं, त्यांची आठवण आली. ते रागावले नसते. संत्र्याचे दोरे तेही तसेच खायचे.

कुसुमताईंनी अर्ज पाहिला आणि हात मागे बांधले. "इथं लिहिलेलं मोठ्यानं वाचतात, रंभाबाई."

रजत बघत होता. सोनिका खिडकीतून मान बाहेर काढून बघत होती. गोदामाच्या भिंतीवरून दोन हमाल आणि आमचा ओमप्रकाशही बघत होता. बरं झालं. उद्या तो कळमन्याला सांगणारच, तर नीट ऐकून सांगू दे.

मी पदर डोक्यावरून खांद्यावर येऊ दिला, आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली —

"आनंदराव!"

ते धावतच आले.