चंडेशासमोर रिकामे हात

"अहो मॅडम, नाचायचं असेल तर आधी देवाला विचारा!"

याळिनीने चमकून मागे पाहिलं. गंगैकोंडचोळपुरमच्या देवळाच्या प्रांगणातली फरशी अकराच्या उन्हाने तव्यासारखी तापली होती आणि ही बया अनवाणी, कधी या पायावर तर कधी त्या पायावर उड्या मारत होती. बोलणारा तरुण मात्र काथ्याच्या पट्टीवर आरामात उभा. गळ्यात गाइडचं ओळखपत्र, ओठांवर खट्याळ हसू.

"हसताय काय? हात द्या आधी!" ती म्हणाली... आणि मग स्वतःच लाजली.

त्याचं नाव अमुदन. सावलीत गुडघे चोळत बसलेल्या आत्याने दुरूनच फर्मावलं, "तंबी, बाळा, हिला देऊळ भराभर दाखवून आण. बाराला दार बंद होईल, आणि चिदंबरमला मुलाकडचे ताटकळलेत. हिने फक्त हो म्हणायचंय!"

"मुलगा... चांगला आहे?" चार पावलं गेल्यावर अमुदनने विचारलं.

"फोटोत तरी आहे. नाही म्हणायला कारणच सापडत नाहीये."

"म्हणून देवळात शोधताय?"

"तुम्ही गाइड आहात की वकील?"

उत्तरेच्या भिंतीशी तो थांबला. "आता बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

तिने मान वर केली. शंकर-पार्वती बसलेले. पायाशी हात जोडलेला भक्त. आणि साक्षात देव स्वतःच्या हातांनी त्याच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय! दगडाचीच बोटं, पण फूल दुखावू नये इतकी हळुवार. हजार वर्षं हे असंच चाललंय... हातातला फोन ती विसरूनच गेली.

"हे देऊळ बांधणारा, गंगेपर्यंत जिंकलेला राजा," अमुदन हळूच म्हणाला, "आणि कोरून घेतलं काय, तर हे."

तिचे डोळे भरून आले. आपण किती लहान आहोत असं वाटलं, आणि ते वाटणंही आवडलं.

"तुम्ही रोज बघता हे?"

"सहा वर्षं झाली. रोज पहिल्यांदाच बघतो."

तो गंमत करत नव्हता. हात जोडून, तिच्याइतकाच थक्क होऊन तो बघत होता. सहा वर्षं एकाच गोष्टीचं नवल वाटणारा माणूस याळिनीला आजवर भेटला नव्हता. तिच्या काळजात लक्कन हललं.

"याळिनी! पुरे झालं!" आत्याची हाक आली.

समोरच त्या माळवाल्या भक्ताचं, चंडेशाचं, छोटं देऊळ होतं. तिथे सगळे वाजवतात तशा याळिनीनेही घाईघाईने फाडफाड टाळ्या वाजवल्या.

अमुदनने कपाळाला हात लावला. "अहो, बहिरा नाहीये तो! शंकराच्या चीजवस्तूंचा राखणदार आहे. तळव्यावर तळवा हलकेच फिरवायचा आणि हात उघडून दाखवायचे. बघ बाबा, मी इथून काही नेत नाहीये."

तिने तळवे एकमेकांवर ठेवले... पण उघडेनात.

"काय झालं?"

"खोटं कसं बोलू देवाशी?" ती तळव्यांकडे बघत म्हणाली. "जीव अडकलाय माझा... तुमच्यात. मनातून तुम्हाला नेतेच आहे की मी."

अमुदन काही बोलणार, तोच आत्या धापा टाकत आली. "चल गं, गाडी उभी आहे!"

"आत्या, चिदंबरमला फोन कर. माझा नकार आहे."

"अगो बाई! आणि कारण काय सांगू?"

याळिनीने अमुदनकडे पाहिलं. चंडेशाकडे बघत त्यानेही आपले दोन्ही हात उघडून न दाखवता गुपचूप पाठीमागे लपवले.