पाहुणे उजवीकडे

"बसा हो खाली! नाहीतर तुम्ही काही बघण्याआधी मासेच तुम्हाला बघतील."

नावाडीण त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी. फोटोवाल्याची ठरलेली मोठी बोट इंजिन बिघडून धक्क्यालाच पडली होती, म्हणून तो धावतपळत तिच्या लहानशा नावेत चढला होता. गळ्यात दोन कॅमेरे, काखेत ट्रायपॉड. मदत करावी म्हणून त्याने दोर सोडायला घेतला, तर तिने तोही हातातून काढून घेतला.

"दोराला प्रवाशांनी हात लावायचा नाही. ते घरच्या माणसांचं काम."

तो मुकाट्याने बसला. पण गालातल्या गालात हसत होता, हे तिने पाहिलं.

आता, नदीवर एक शब्द उच्चारायचा नसतो. वाघ! तो कानावर पडला, की सगळे प्रवासी एकाच बाजूला झेपावतात आणि नाव कलंडते. म्हणून तिच्या बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, वाघ दिसला की हळूच म्हणायचं, 'पाहुणे उजवीकडे' नाहीतर 'पाहुणे डावीकडे'. निघण्यापूर्वी ती हे सगळ्यांना समजावून सांगायची. त्या दिवशी मात्र तो उशिरा आलेला.

पहिल्याच वळणावर ती कुजबुजली, "पाहुणे उजवीकडे..."

याने चक्क मागे वळून धक्क्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा विचारलं, "कोणाकडचे?"

झालं! काठावरची झुडपं हलली आणि पाहुणे पसार. नावेतली माणसं त्याला खाऊ की गिळू करून बघत राहिली. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर त्याचं नाव पडलं होतं, पाहुणे.

"वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो," दुसऱ्या दिवशी तो हजर होत म्हणाला, "मग पाहुणे म्हटल्यावर तरी सोडतो का?"

"सोडतो ना. तुमच्यासारखी माणसं नावेत असली, की लांबूनच सोडतो."

त्याची बोट चौथ्या दिवशी दुरुस्त झाली. तरी तो तिच्याच नावेत येत राहिला. का, ते तिने विचारलं नाही... त्यानेही सांगितलं नाही. चिखलातला पंजा नराचा की मादीचा हे ती दाखवायची, आणि तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकायचा. फोटो मात्र मिळत नव्हता. मुलांच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी त्याला वाघाचा फोटो हवा होता. हातात फक्त सात दिवस होते.

आणि तिला ठाऊक होतं की वाघीण कुठे आहे.

जुन्या पडक्या पुलापलीकडच्या ओढ्यात. दोन पिल्लांसह. पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले. एका नावेला कळलं, की दहा नावा येणार, आणि गोंगाटाने बावरलेली आई पिल्लं उचलून कुठे जाईल, याचा नेम नाही. म्हणून पूल आला, की ती रोज म्हणायची, "तो बघा, डाव्या काठावर खंड्या!" आणि नाव पुढे काढायची. पण रोज त्याचे रिकामे हात पाहून तिला वाटायचं, या माणसाशी आपण खोटं वागतोय... आणि उद्या तो जाणार.

सातव्या दिवशी नावेत दोघंच होते. हंगामातली शेवटची फेरी. पूल आला. ती खंड्याबद्दल काहीच बोलली नाही. तिने वल्हं उजवीकडे वळवलं.

त्याने अलगद वल्ह्यावर हात ठेवला.

"नको. तिकडे नको."

"तुम्हाला काय माहीत, तिकडे काय आहे ते?"

"तिसऱ्या दिवशीच पाहिली मी तिला. तोंडात एक पिल्लू होतं. तुम्ही मला खंड्या दाखवत होतात... तिथे खंड्या नव्हताच."

तिचे कान तापले. "मग फोटो का नाही काढलात?"

"तुम्ही जे जिवापाड लपवताय, ते मी चव्हाट्यावर मांडू?"

पाणी नावेला चुबुकचुबुक लागत राहिलं.

"आणि पुस्तक?" तिने हळूच विचारलं.

"चिखलातला पंजा आहे की. तुम्ही दाखवलेला. मुलं विचारतील, वाघ कुठाय? विचारू देत." तो थांबला. "एक विचारू? पावसाळ्यात तुम्ही काय करता?"

"बाबा आणि मी नाव उलटी घालून डांबर लावतो. आठवडाभर हाताचा वास जात नाही."

"मला शिकवाल?"

"जमेल तुम्हाला?"

"पाहुणे म्हणणं थांबवलंत... तर जमेल."

परतताना नाव इतकी सावकाश चालली, की नदीलाही नवल वाटलं असेल.

बाबा धक्क्यावर उभेच होते. "काय गं, पाहुणे दिसले का?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "आज नावेत पाहुणं असं कोणी नव्हतंच."

आणि तिने दोर उचलून त्याच्या हातात दिला.

तो खाली उतरला, खुंटापाशी वाकला, बराच वेळ खटपट करत राहिला. बाबांनी आधी दोराकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"गाठ चुकलीय त्याची."

"असू दे बाबा," ती म्हणाली. "घट्ट आहे."