सकाळी बदली येईल

यांगोनाच्या मुळांच्या काढ्याचा कटोरा आधी इकडे द्या, पोरांनो. टाळी वाजवा, प्या आणि गप्प बसा. ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, सेमीसीची. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा, फक्त त्याच्या मुलीसमोर नको.

मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या गुड फ्रायडेची रात्र. राजधानीची, सुव्याची बोट आपल्या बेटावर आली नव्हती, बंदरावर डिझेल नव्हतं, त्यामुळे वीज गेलेली. सेमीसीची बायको लितिया टेकडीवरच्या इस्पितळात होती. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. तिच्यासाठी उकडलेले दालोचे कंद आणि मासळीचं कालवण घेऊन हा निघाला. दोन वॉर्डांना एकच नर्स, तेव्हा पेशंटचं सगळं आपणच करायचं हे तर ठरलेलंच. तेव्हाही तसंच होतं, आताही तसंच आहे.

जवळची वाट जुन्या वॉर्डावरून जाते. गोऱ्यांच्या वेळचा तो लाकडी वॉर्ड, दाराला कायम कुलूप. मोठ्या तापाच्या साथीत तिथे एलिकी नावाचा एकच पोरगा होता. मलमपट्टी, पाणी, मढी उचलणं, सगळं त्याच्या एकट्याच्या बोडक्यावर. पगार मागितला की गोरा डॉक्टर म्हणायचा, शिकायला मिळतंय हाच पगार. झोपू का विचारलं की म्हणायचा, सकाळी बदली येईल. बदली आलीच नाही. एलिकी बसल्या जागी गेला. डॉक्टर म्हणाला, पोरगा आळशीच होता. मेलेल्याला आळशी म्हणणाऱ्याची जीभ कशी झडली नाही, याचा मला अजून राग येतो.

तर त्या रात्री कुलूप नव्हतं. आत कंदील दिसत होता. पांढरा एप्रन घातलेला एक पोरगा दारात आला, हातात तसराळं. सेमीसीला वाटलं, नवा वॉर्डबॉय असेल.

"काका, केरेकेरे," पोरगा म्हणाला. "एवढं धरा. जरा पाठ टेकतो."

आता केरेकेरे म्हणून कोणी मागितलं, तर आपल्यातला कोण नाही म्हणेल? सेमीसीनं डबा खाली ठेवला आणि तसराळं धरलं.

गार होतं ते. बर्फासारखं.

आतून कुणीतरी पाणी मागितलं. सेमीसीनं दिलं. मग पलीकडच्या खाटेवरून मागितलं. मग त्याच्या पलीकडून... खाटा संपेनात. पाय दाराकडे वळेनात. बाहेरून लितियाचं ओरडणं ऐकू येत होतं. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

"ए पोरा," त्यानं हाक मारली. "बायको बाळंत होतेय माझी. घे तुझं हे."

पोरगा कोपऱ्यात आडवा होता. डोळे उघडे.

"आता तुम्ही धरलंय."

लितिया परत ओरडली. आणि सेमीसीला सुचलं.

"मग माझंही केरेकेरे. मला जाऊ दे."

पोरगा उठून बसला. तोही आपल्यातलाच. नाही कसं म्हणणार?

"मग इथे कोण?"

सेमीसीला फक्त सुटायचं होतं. तोंडाला आलं ते बोलून गेला.

"सकाळी बदली येईल."

सगळ्या खाटा गप्प झाल्या...

पोरगा उभा राहिला.

"नक्की?"

"नक्की."

पोरग्यानं तसराळं परत घेतलं. सेमीसी धावत सुटला.

तो पोचला तेव्हा बाळ झालं होतं. मुलगी. लितिया सुखरूप होती. उजाडल्यावर नर्सनं गुंडाळलेली पोर त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, घरून कापड छान आणलंत हो. लितिया म्हणाली, मी कुठे काय आणलंय, ते इस्पितळाचं असेल.

सेमीसीनं खिडकीपाशी नेऊन बघितलं.

त्या पोराच्या अंगावरचा तोच पांढरा एप्रन होता. जुना, खळ घातलेला. नाड्या पाठीशी नीट बांधलेल्या... आणि कापून, शिवून, त्या एवढ्याशा पोरीच्या मापाचा केलेला.