दगडी तबकडीतली शेंगाचटणी

मोहोळहून सोलापूरला निघालेल्या एस्टीत शेजारच्या बाईंनी पिशवी सोडली नसती, तर ज्ञानदाच्या आयुष्यात पुढचं काहीच घडलं नसतं. बाईंनी फडक्यात बांधलेली तळहाताएवढी गोल दगडी तबकडी काढली, तिच्यात बोट टेकवलं, आणि हलत्या गाडीत, आरशाशिवाय, कपाळावर बरोब्बर मधोमध कुंकू लावलं.

ज्ञानदाचं लक्ष कपाळाकडे नव्हतंच. तबकडीच्या वरच्या अर्ध्या भागात एक बाई कोरलेली होती, पुढून मेंढा आणि मागून मासा अशा कुठल्याशा प्राण्यावर ऐटीत बसलेली. खाली तीन खण. एकात कुंकू, एकात हळद, आणि तिसऱ्यात काळपट, टणक असं काहीतरी थापलेलं.

"मावशी... ही कुठून आणलीत?"

"चोरली न्हाय," मागच्या सीटवरून उत्तर आलं.

ज्ञानदा वळली. सावळा, हसऱ्या डोळ्यांचा एक तरुण सीटवर हनुवटी टेकून बघत होता. "पोलीस हाय का तुमी?"

"मी संग्रहालयात काम करते."

"मग जरा मागं सरका की मॅडम. आईच्या मांडीवर बसायलाच आलाय तुमी."

ज्ञानदा कानापर्यंत लाल झाली. बाई खदाखदा हसल्या. बाईंचं नाव फुलाबाई. मुलगा अजिनाथ, सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. नवरा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडलेला. बारा वर्षांपूर्वी गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडावर मेंढरं चारताना ही तबकडी फुलाबाईंच्या पायाला लागली होती. कुंकवाला बरी, म्हणून त्यांनी ती घरी आणली.

"दोन हजार वर्षांपूर्वी बायका अशा तबकड्यांत नटायचं सामान ठेवायच्या," ज्ञानदा धापा टाकत सांगत होती, जणू एस्टी तीच ओढत होती. "रंग, उटणं, सुगंधी तेल... पण सापडतात त्या पार उत्तरेत, गांधाराकडे. आपल्याकडे कशी आली असेल? आणि हा तिसऱ्या खणातला थर... हा जर त्या काळातला असला ना..."

असला, तर पुण्याच्या प्रयोगशाळेत तो तपासता येणार होता. आणि निकाल चांगला आला, तर दोन वर्षं रखडलेला तिचा प्रबंध मार्गी लागणार होता. नाहीतर मार्चमध्ये मुदत संपत होती आणि हात हलवत घरी बसायचं होतं.

"ने की," फुलाबाई म्हणाल्या. "पर संक्रांतीचं हळदीकुंकू झाल्यावर. तवर माझं कपाळ कशातनं भरू?"

"चालेल! फक्त तो खण धुऊ नका. खरवडू नका. हात लावू नका."

"बारा वर्सांत लावला न्हाय, आता कशाला लावते?"

संक्रांतीला तीन आठवडे होते. एवढ्या दिवसांत अजिनाथला संग्रहालयात यायची तीन कारणं सापडली. पहिल्या शनिवारी त्याने टेकाडाचे फोटो आणले. दुसऱ्या शनिवारी तो कारण विसरून आला, आणि "त्या बाईला पोहता येत असंल का?" एवढंच विचारून गेला. तिसऱ्या शनिवारी हुरडा घेऊन आला, कोवळा, अजून कोमट.

"भाजून किती वेळ झाला?"

"मोटारसायकलवर अर्धा तास."

"मोहोळहून? इतक्या जोरात?"

"गार हुरडा काय कामाचा, मॅडम?"

संग्रहालयाच्या पायरीवर बसून दोघांनी हुरडा खाल्ला. तिच्या हनुवटीला एक दाणा चिकटला. त्याने बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं. "हितं," असं स्वतःच्याच हनुवटीवर दाखवलं. ज्ञानदाने मुद्दाम दुसऱ्या बाजूला पुसलं. आता हे तिने का केलं, हे तिला विचारून उपयोग नव्हता, तिलाच ते ठाऊक नव्हतं. बघणाऱ्या कुणालाही मात्र सांगता आलं असतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी अजिनाथ तबकडी घेऊन आला. मंगळवारी पुण्याच्या प्रयोगशाळेतून वेणीमाधव सर नमुना न्यायला येणार होते. ज्ञानदाने हातमोजे चढवले, टेबलावर पांढरं कापड पसरलं, आणि फडक्याची गाठ सोडली.

तबकडी शेंगाचटणीने शिगोशीग भरलेली होती. लालभडक, तेलकट, लसणाच्या वासाची. तिन्ही खण दिसत नव्हते, आणि मेंढ्यावरची बाई कमरेपर्यंत चटणीत बुडाली होती.

"हे... हे काय आहे?"

"चटणी," अजिनाथ कौतुकाने म्हणाला. "आई म्हणली, पोरीच्या हातात रिकामं भांडं कसं द्यायचं? ताजी कुटलीय, उखळात."

"तेल आहे यात!" ज्ञानदाचा आवाज चिरकला. "तेल मुरतं दगडात! तो थर... संपला तो! धुऊ नका म्हटलं, खरवडू नका म्हटलं, चटणी भरू नका असंही सांगायला हवं होतं का? इतकं अडाणी कुणी असतं?"

शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि परत घेता आला नाही. अजिनाथच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्याने टेबलावरचं फडकं उचललं, नीट घडी घालून खिशात ठेवलं.

"पहाटं चारला उठली होती ती," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."

आणि तो गेला.

ज्ञानदाने कापसाने, काडीने, चिमट्याने चटणी काढली. काळा थर तेलाने चकाकत होता. तिने अजिनाथला सहा वेळा फोन लावला. सहाही वेळा वाजून वाजून बंद झाला.

संध्याकाळी ती घरी जाऊन रडली ती अशी रडली, की शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केलेले तिचे बाबा पेपर बाजूला ठेवून शेजारी येऊन बसले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "दगडासाठी एवढं कुणी रडतं का गं?"

ज्ञानदाचं रडणं थांबलं.

"नाही," ती म्हणाली. आणि मग त्यांना उरलेलंही सांगितलं.

रविवारी सकाळच्या पहिल्या एस्टीने ती मोहोळला उतरली, तिथून रिक्षाने गावात. फुलाबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. ज्ञानदा वाकली आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"अगं अगं... काय झालं?"

"मी तुम्हाला वाईट बोलले, मावशी. तुमच्या मागे. अजिनाथच्या समोर."

"तो बोलला न्हाय काय. नुसता जेवला न्हाय." फुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "चटणी खारट झाली व्हय?"

ज्ञानदाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने सगळं सांगितलं. तेल, दगड, आणि तिसऱ्या खणातला तो काळा थर.

"काळं?" फुलाबाई म्हणाल्या. "अगं, ते माझं मेण हाय!"

"मेण?"

"कपाळाला कुंकवाच्या आदी लावत्यात ते. मीच थापलंय. मला वाटलं, वळकलं आसशील तू."

ज्ञानदा ओट्यावर बसली. म्हणजे चटणीने काही बिघडलंच नव्हतं, कारण बिघडण्यासारखं तिथे काही नव्हतंच! दोन हजार वर्षं कसली, बारा वर्षांचं मेण! प्रबंधाच्या नावाने तिने मनातल्या मनात आंघोळसुद्धा करून टाकली.

"पण... मेण का थापलंत?"

"खाली तिचं कुंकू हाय की," फुलाबाई इतक्या सहज म्हणाल्या, जणू शेजारणीबद्दल बोलत होत्या. "तबकडी सापडली तवाच त्या खणात लाल लाल होतं, कोपऱ्याला धरून. म्हणलं, कुणाचं तरी कुंकू हाय. दुसऱ्या बाईचं कुंकू पुसू ने. आन् त्यात आपलं मिसळू बी ने. म्हणून वरनं मेण लावलं. ऱ्हाऊ दे तिचं तिला."

ज्ञानदाने वेणीमाधव सरांना फोन लावला. चटणीपासून मेणापर्यंत सगळं एका श्वासात सांगितलं. सर एवढ्या मोठ्याने हसले, की फुलाबाईंनाही ऐकू गेलं.

"अगं, मेणाचा जाड थर असेल तर चटणी खालपर्यंत पोचायची नाही! आम्ही मेण हळूहळू उचलू. बारा वर्षं त्या नमुन्याला हवासुद्धा लागलेली नाही, आणखी काय हवं? त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि चटणी उरली असेल तर मंगळवारी मलाही ठेव."

ज्ञानदाने फुलाबाईंना घट्ट मिठी मारली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा उतरतो, हे तिला त्या दिवशी कळलं. पण पुरता उतरला नव्हता...

"गोठ्यामागं हाय," फुलाबाई म्हणाल्या, आणि मुद्दाम पाठ फिरवून पुन्हा ज्वारी पाखडू लागल्या.

गोठ्यामागे अजिनाथ एका कोकराला मांडीत धरून जंताचं औषध पाजत होता. त्याने तिला पाहिलं. कोकरू सोडलं नाही.

"फोन का उचलला नाहीत?"

"अडाण्याच्या पोराला कुटं येतोय उचलायला."

"चुकले मी. मावशींची माफी मागितली. तुमचीही मागते."

"फोनवरचं समदं ऐकू आलं हितवर," तो औषधाच्या बाटलीकडे बघत म्हणाला. "तबकडी वाचली म्हणायची. मग काय, आता माफी मागायला सोपं जातंय."

ज्ञानदा त्याच्यासमोर खाली, मातीत बसली.

"अजिनाथ, सकाळी एस्टीत चढले तेव्हा तबकडी गेली असंच समजून चढले होते. ती वाचलीय हे इथे आल्यावर कळलं. आत्ता, तुमच्या ओट्यावर."

त्याने मान वर केली.

"मग... कशाला आला होता?"

"तुम्ही जेवला नसाल असं वाटलं."

कोकराने संधी साधून हिसडा दिला आणि पळालं. अजिनाथ त्याच्या मागे गेला नाही. तो हसला नाही, पण डोळ्यांत काहीतरी मऊ झालं.

"आईला घेऊन तुमच्या घरी येईन म्हणत होतो," तो अडखळत म्हणाला. "रीतसर. पण तुमचे बाबा... मेंढरंवाल्याच्या घरात..."

"बाबांना मी सांगितलंय."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"काल? काल तर तुमी माझ्यावर लई चिडला होता की!"

"हो," ज्ञानदा म्हणाली. "चिडले होते. तरी सांगितलं."

अजिनाथने हात पँटला पुसला आणि तिचा हात हातात घेतला. त्याच्या हाताला औषधाचा कडवट वास येत होता. तिने हात सोडवून घेतला नाही.