रेषेबाहेर बसलेला धोंडू

मैदानावर चुन्याची फक्की मारायला गेला होता माणूस, दुसरं काय नाय. दळवी मास्तर, आपल्या हायस्कूलचे खेळाचे. माझ्या शेजारीच राहायचे, म्हणून मला ठाव. दोन हजार तीन साल, पंचवीस जानेवारीची रात्र. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, आणि शाळेला पंचवीस वर्षं झाली त्याचा सोहळा. अठ्ठ्याण्णव साली पोलादपूरला ढाल जिंकलेल्या कबड्डीच्या पोरांचा सत्कार होणार, मग त्यांचाच सामना. मांडवाच्या गडबडीत मैदान आखायचं राहून गेलं.

ती ढाल कशी आली, ते शाळेतलं कोणी तुम्हाला सांगायचं नाय. चढाया मारल्या त्या धोंडूनं, ठमाबाईच्या मुलानं. नववीत नापास होऊन कारखान्यांच्या वसाहतीत कामाला लागलेला. शाळेत नाव नाय, तर खेळणार कसा? मास्तरांनी त्याला शाळेच्या चेअरमनच्या पुतण्याच्या, विनीतच्या नावावर उतरवला. शेवटच्या चढाईला सात जण अंगावर पडले. तरी मध्यरेषेला हात लावला पठ्ठ्यानं. ढाल आली, पोरगा काय उठला नाय. मान मोडली होती.

शाळेनं काय सांगितलं? धोंडू सामना बघायला आलेला, टेम्पोतून पडला. विनीतला दहावीला खेळाचे वाढीव मार्क मिळाले. ठमाबाई मास्तरांच्या पायरीवर येऊन एकच मागायची, "माजा पोरगा खेळत व्हता, येवढं चार मानसांत बोला." मास्तर आत जाऊन कडी घालायचे. असल्यांना मास्तर म्हणायचं आपण.

तर मास्तर फक्की मारत होते. मांडवात एकच बल्ब. मागची रेषा झाली. बाजूची झाली. वर बघितलं, तर रेषेबाहेर कोणीतरी मांडी घालून बसलेला. बाद झालेला गडी बसतो तसा.

"कोण रे? घरी जा. सामना उद्या हाय."

तो जागचा हलला नाय.

"ऐकू येत नाय?"

"सर, मी रेषेला हात लावला व्हता." आवाज अगदी बारीक. "मंग मला बाद कोनी केला?"

मास्तरांच्या हातातली फक्कीची पाटी पडली. पोराचं तोंड यांच्याकडे नव्हतंच. मान खांद्यावर... लोंबत...

"उद्या माजं नाव घ्या, सर. मंग उठतो."





मास्तर पळत आले ते माझ्या ओट्यावर. सगळं सांगितलं, उजाडेपर्यंत घरी गेले नाय. मी म्हटलं, घ्या ना नाव, तुमचं काय जातंय? "घेतो," म्हणाले. देवाची शपथ घेतली.

सकाळी माईक मास्तरांच्या हातात. पुढच्या खुर्चीत चेअरमन. मागं मांडवाच्या खांबाला धरून ठमाबाई. मास्तरांनी एकेक नाव घेतलं. शेवटचं घ्यायच्या आधी चेअरमनकडे बघितलं... सगळा मांडव थांबला.

"विनीत," म्हणाले.

टाळ्या पडल्या. म्हातारी खांब सोडून निघून गेली. चीड येते रे, अजून येते.

त्याच सालच्या जुलैत पावसानं झोडपलं. मैदानात घोटाभर चिखल. मी आडवाटेनं घरी येत होतो. बाजूची रेषा आखतात तिथं थांबलो. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी होती. धूळ उडेल अशी कोरडी. वरून पाऊस पडतोय...

मास्तर बदली घेऊन गेले. कितीतरी पावसाळे झाले. ती जागा भिजलेली मी अजून बघितली नाय.