चौतीस यार्ड

ऑक्टोबर सरताना एका सकाळी व्हर्ना दिरासोबत, ऑरिनसोबत, शिकारीला निघाली, तेव्हा मॉन्टानातल्या त्या गावात कुणाला नवल वाटलं नाही. हिवाळ्याचं मांस तिथे याच दिवसांत घरात येतं, आणि नवरा जाऊन वर्ष झालं म्हणून पोट थोडंच थांबतं?

नवरा, लाइल, याच डोंगरावर सख्ख्या भावाच्या गोळीने मेला होता. ऑरिनने चौकशीत सांगितलं, सहाशे यार्डांवर झुडपात काहीतरी हललं, एल्क जातीचं मोठं हरीण वाटलं. एवढ्या लांबून चूक व्हायचीच, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे बापाचं कुरण एकट्या ऑरिनच्या नावावर झालं, तेव्हाही डोलावल्या. त्या गावाला मानेचा तेवढाच उपयोग होता.

व्हर्नाकडे परत आलं ते लाइलचं रेंजफाइंडर. मुठीत मावणारं यंत्र. डोळ्याला लावून बटण दाबलं की लेसरचा किरण समोर जाऊन आदळतो आणि अंतराचा आकडा दिसतो. गोठ्यावर धरलं की एकशेवीस, टेकडीवर धरलं की नऊशे, सगळं बरोबर. फक्त ऑरिनवर धरलं की, तो अंगणात असो नाहीतर कुरणाच्या पार टोकाला, आकडा एकच यायचा. चौतीस.

चौतीस यार्डांवरून शिकाऱ्याच्या नारिंगी बंडीची बटणं मोजता येतात. व्हर्नाने हे कुणाला सांगितलं नाही. वर्षभर ती आतल्या आत जळत राहिली. तिला एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

कड्याच्या थोडं अलीकडे दोघं पालथी पडली. समोर खोल दरीत धुकं विरत होतं, ओल्या झुडपांचा उग्र वास येत होता. पलीकडच्या उतारावर एक नर एल्क चरत होता. ऑरिनने रायफल टेकवली.

“अंतर सांग, व्हर्ना. का चष्मा घरी विसरलीस, म्हातारे?”

यंत्रात पाचशे बारा दिसत होतं.

“चौतीस,” ती हळूच म्हणाली.

“ही काय थट्टा?”

“एल्कचं नाही सांगत. लाइलचं सांगतेय.”

ऑरिनने रायफलवरून डोळा काढला. मग म्हणाला, “कुणी… कुणी सांगितलं तुला?”

तिला एवढंच हवं होतं. त्याने यंत्र हिसकावून पलीकडे रोखलं.

“उभा आहे तो… हात करतोय मला.”

“कुठे?”

“हा काय… इथेच. दोन पावलांवर…”

तो यंत्र डोळ्याला लावूनच उठला आणि चालू लागला. भिंगातून लांबचं जवळ दिसतं, पायांखालचं दिसत नाही. कडा बारा पावलांवर होता. ‘थांब’ हा शब्द व्हर्नाच्या ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला, आणि खरं सांगायचं तर तिला तो गोड लागला.

“लाइल… माफ कर रे…”

खडे घरंगळल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही.

तेव्हा नऊ वाजले होते. तिथून फोन लागत नव्हता. पायथ्याशी गाडीकडे जाण्याआधी तिने कड्यावर जाऊन खाली वाकून पाहिलं, तोच पाठीमागे बुटांचे आवाज आले. शेरीफचा माणूस डीम्स आणि बचाव पथकाची माणसं धापा टाकत वर येत होती.

“तुम्हाला कसं कळलं?” तिने विचारलं.

“आठ वाजता फोन आला होता. नाव सांगितलं नाही त्याने, अंतर मात्र सांगितलं. कड्यापासून सरळ खाली एक्क्याण्णव यार्ड.”

डीम्सने आपलं यंत्र काढून खाली रोखलं. एक्क्याण्णवच होतं. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या माणसांनी दोन स्ट्रेचर आणले होते.

“ऑरिन दिसतोय खाली. पण दोघांना न्यायचंय म्हणाला तो फोनवाला. दुसरं कोण पडलंय, व्हर्ना?”

कड्यावरून मागे सरायला व्हर्नाने पाय उचलायला घेतला. तो उचलेना.